चुन्याच्या रेघांची बाग

पहिल्या बक्षिसाचा डेलिया नानांनी टेप लावून मोजला, तेव्हा मी त्यांच्या शेजारीच उभी होते, आणि आपण यांच्यासोबत आलेलो नाही असा चेहरा करायचा माझा प्रयत्न चालला होता.

धाराशिवात एका शाळेच्या मैदानावर फुलांचं प्रदर्शन भरलं होतं. मांडवात लांबलचक टेबलं, त्यांवर पांढरी कापडं, बाटल्यांत खोचलेली फुलं, आणि मधोमध ताटाएवढा जांभळा डेलिया. त्याच्यापुढं 'प्रथम क्रमांक' अशी चिठ्ठी. लोक फोटो काढत होते. नानांनी शर्टाच्या खिशातून स्टीलचा टेप काढला. फुलावर आधी आडवा धरला, मग उभा धरला. चष्मा कपाळावर ढकलला आणि परीक्षकांना हाक मारली.

"साहेब, पूर्व-पश्चिम साडेनऊ इंच भरतंय. दक्षिणोत्तर नऊच. फूल गोल न्हाय."

परीक्षक गृहस्थ भले होते. म्हणाले, "काका, फूल आहे ते. प्लॉट नाही."

"फूल असलं म्हणून काय झालं? आधी हद्द तर कायम करा. मग बक्षीस द्या."

दिगंबरनाना म्हणजे आमचे शेजारी. सरकारी मोजणीदार म्हणून निवृत्त झालेले. जिल्ह्यातल्या निम्म्या बांधांवर उभं राहून त्यांनी भावाभावांची भांडणं ऐकली होती, आणि त्यामुळं जगातली कुठलीही अडचण हद्द कायम न केल्यामुळंच येते, अशी त्यांची खात्री झाली होती. माझा आणि यजमानांचा आवाज चढला की कुंपणापलीकडून नाना विचारायचे, "बाई, हद्द कायम करून देऊ का?" मग आम्हाला हसू यायचं आणि भांडण तिथंच राहायचं.

तीन वर्षांपूर्वी आम्ही या कॉलनीत राहायला आलो. पहिल्याच दिवशी नळाला पाणी कधी येतं ते विचारायला मी त्यांच्या फाटकातून आत गेले. तोच ओट्यावरून आरोळी आली.

"थांबा! तळ्यात पाय पडला तुमचा!"

मी घाबरून खाली बघितलं. खाली कडक मुरूम. गवताची काडीसुद्धा नाही. फक्त पायाखालून चुन्याच्या फक्कीची एक पांढरी रेघ गेलेली.

"तळं हाय तिथं. कडेनं या. तिकडून नका, तो गुलाब हाय."

मी तळ्याच्या कडेनं, गुलाब टाळून, ओट्याशी पोचले. सगळ्या अंगणभर पांढऱ्या रेघा आखलेल्या होत्या. प्रत्येक चौकोनात, गोलात एक खुंटी आणि खुंटीला पुठ्ठ्याची पाटी. 'गुलाब'. 'शेवंती, तीन रंग'. 'वेलीचा मांडव'. 'बाक'. बाकाच्या जागीही बाक नव्हता, नुसती पाटी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला नागमोडी चालत त्यांच्या दाराशी गेलेला मी बघितला. आधी वाटलं, त्याला चक्कर येतेय. मग कळलं, तो गेली कित्येक वर्षं नानांच्या बागेतून, आखलेल्या रस्त्यानंच जातो.

या बागेचा नकाशा दरवर्षी बदलायचा. आमच्याकडं वसंत काही वाजतगाजत येत नाही. एका सकाळी थंडी उठून निघून जाते आणि दुपारी ऊन चटके द्यायला लागतं. मधले जे वीसेक दिवस असतात, त्यांतच आसपासच्या गावांतली सगळी फुलांची प्रदर्शनं उरकली जातात. नाना एकही चुकवायचे नाहीत. सोलापूरचं बघून आले की अंगणात निवडुंगाची बाग व्हायची. लातूरचं बघून आले की जुन्या रेघा झाडून पायऱ्यापायऱ्यांची बाग. एकदा कुठं तरी जपानी बाग बघितली, तर अंगणातून दोन रेघांचा ओढा काढला आणि त्या ओढ्यावर खरीखुरी लाकडी फळी टाकली. नाना स्वतः त्या फळीवरून, तोल सांभाळत, पलीकडं जायचे.

"नाना, झाड कधी लावणार?" मी एकदा विचारलं.

"नकाशा मंजूर झाल्याबिगर?"

"कोण मंजूर करणार?"

नाना फळीवर मधोमध उभे राहिले. 

"तेच तर," ते म्हणाले, आणि ओढा ओलांडून घरात गेले. मला काही उमगलं नाही.

घरात ते एकटेच. भिंतीवर एका तरुणाचा हार घातलेला फोटो. मी एकदा त्या फोटोकडं बघत राहिले, तर म्हणाले, "मुलगा. प्रशांत. मोटरसायकलचा अपघात. आठ वर्सं झाली." आणि लगेच पुढच्याच श्वासाला, "बाई, गांडूळखताला वास येतो का हो?"

मी शाळेत विज्ञान शिकवते. म्हणून मला झाडांमधलं सगळं कळतं, असा नानांचा समज. वास्तविक माझ्या हातून घरातला मनीप्लांटसुद्धा दोनदा वाळला आहे. पण नाना ऐकायचे नाहीत. "तुम्ही सायन्सच्या बाई. तुम्ही सोबत पायजेच." असं करत करत मी त्यांच्याबरोबर प्रदर्शनांना जायला लागले.

प्रदर्शनात नाना म्हणजे स्टॉलवाल्यांची परीक्षा असायची. लातूरला एका टाय घातलेल्या तरुणानं बंगल्यापुढं लावायचे पाम मांडले होते. नानांनी त्याला विचारलं, "याची मुळी शेजाऱ्याच्या हद्दीत गेली तर जबाबदार कोण?"

तो म्हणाला, "सर, हे शोभेचं झाड आहे."

"शोभा तुमची. मुळी कुणाची?"

त्या बिचाऱ्यानं फोन करून मालकाला विचारलं. मालकालाही सांगता येईना. आम्ही तिथून निघालो तेव्हा दोघं फोनवर एकमेकांशी वाद घालत होते.

असे सगळे स्टॉल पालथे घालून नाना रिकाम्या हातानं परतायचे. फुलाची कुंडी सोडा, बियांचं पाकीटसुद्धा घ्यायचे नाहीत. तेही मी समजून घेतलं असतं. पण एक गोष्ट मात्र मला काही केल्या कळेना.

जवळपास प्रत्येक प्रदर्शनात एक साधासा स्टॉल असायचा. कापडी पाटीवर हातानं लिहिलेलं, 'ईटची नर्सरी'. ईट म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलंच एक गाव. मोगरा, जाई, अबोली, कढीपत्ता, लिंबू अशी आपली घरगुती रोपं. तिशीतली एक सावळी, चटपटीत बाई स्टॉल सांभाळायची आणि तिचा नवरा मागं रोपांना पाणी मारत असायचा. नाना या स्टॉलच्या आसपास कधी फिरकायचे नाहीत. वीस पावलांवर कुठं तरी आडोशाला थांबायचे आणि मला पुढं पाठवायचे.

"बाई, जरा त्या ईटवाल्यांकडं जाऊन या. मोगऱ्याला पाणी किती लागतं, विचारा."

मी जायची, विचारायची. ती बाई हसून सांगायची. मी येऊन नानांना सांगायला लागले, की ते मोगऱ्याचं ऐकूनच घ्यायचे नाहीत.

"ते ऱ्हाऊ द्या. कोण बोललं? ती का तो?"

"ती."

"घसा बसलेला वाटला का?"

"नाही हो."

"बसायला खुर्ची हाय का तिला? का दिवसभर उभीच?"

"मागं एक स्टूल दिसलं."

"स्टूलच व्हय," नाना म्हणायचे आणि चेहरा पाडून पुढं चालू लागायचे.

मी घरी येऊन यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, "जमिनीचा वाद असणार. मोजणीवाला माणूस. त्या नर्सरीचा बांध यांनीच चुकवला असेल." मला ते पटलं नाही. बांध चुकवलेला माणूस समोरच्याच्या स्टुलाची काळजी कशाला करेल? मग मला वाटलं, नाना गुपचूप सरकारी तपासणी करतायत. तेही बसेना. शेवटी मी विचार करणं सोडून दिलं. दरवर्षी जायचं, मोगऱ्याला पाणी किती ते विचारायचं, आणि घशाची खबर आणायची.

यंदाचं शेवटचं प्रदर्शन बार्शीला होतं. सकाळच्या एसटीनं गेलो. नाना खुशीत होते. यंदा उभी बाग करायची, भिंतीला बाटल्या टांगून, असं रस्ताभर चाललं होतं. आत शिरल्यावर मात्र ते गप्प झाले, आणि पामच्या मोठ्या कुंड्यांमागं जाऊन उभे राहिले.

"बाई, मोगरा."

मी गेले. स्टॉलवर तीच बाई. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "आठवड्यातून दोनदा. उन्हाळ्यात रोज. दरवर्षी तेवढंच लागतं, ताई."

मी शरमेनं लाल झाले.

"तुम्ही तीन वर्सं येताय. एकच प्रश्न विचारताय. घेत तर काहीच न्हाई," ती हळूच म्हणाली. "नाना पाठवतात ना तुम्हाला?"

मी मागं वळून बघितलं. पामच्या पानांच्या वर नानांची पांढरी टोपी स्वच्छ दिसत होती.

"तुम्ही ओळखता त्यांना?"

"माझे सासरे," ती म्हणाली. "म्हणजे, होते. म्हणजे... ताई, काय म्हणायचं तेच मला कळत न्हाई."

तिचं नाव वैशाली. प्रशांतशी लग्न झालं आणि दीड वर्षात तो गेला. ती माहेरी निघून जाईल असं सगळ्यांना वाटत होतं, पण माहेरी आईबाप नव्हते, भावाला ती जड झाली होती. नानांनी तिला ठेवून घेतलं. दोन वर्षं दोघंच त्या घरात. मग एक दिवस नाना मोजणीवरून परत आले आणि चपला काढायच्या आधीच म्हणाले, "ईटला एक मुलगा बघून आलो तुझ्यासाठी. झाडं सरळ रेषेत लावतो. माणूस नीट असणार."

"भावकीतले लई बोलले," वैशाली सांगत होती. "सुनेचं लग्न लावून देतोय म्हणून कुणी कुणी त्यांच्याकडं यायचं बंद केलं. नानांनी कुणाचं ऐकलं न्हाई. स्वतः उभं राहून लग्न लावलं. पाठवणीच्या वक्ताला मला म्हणले, आता इकडं वळून बघायचं न्हाई. मी समजले, आशीर्वाद दिलाय. नंतर कळलं, खरंच म्हणले होते. दिवाळीला फोन केला, तर म्हणले, राँग नंबर. आवाज बारीक करून! दोन वर्सं एका घरात राहिले मी, मला काय त्यांचा आवाज कळायचा न्हाई?"

मी ओठ दाबून हसू आवरलं.

"घरी गेला नाहीत?"

"गेलते की, आम्ही दोघं. शेजारचे म्हणले, आत्ता मागच्या दारानं गेले." तिनं एका रोपाचं पिवळं पान खुडलं. "मला वाटलं, माझ्याकडं बघितलं की त्यांना मुलगा आठवतो, म्हणून नको असंल. पण पहिल्याच प्रदर्शनात टोपी दिसली. मी हाक मारणार होते. हे म्हणले, नको मारू, यायचेच बंद होतील. म्हणून मारली न्हाई. त्यांना वाटतंय, मला दिसत न्हाईत. मी बी तसंच दाखवते."

मागं पाणी मारणारा तिचा नवरा हातातली झारी तशीच धरून ऐकत होता.

"पण ताई, आता त्यांना एक सांगा," वैशाली म्हणाली. "पुढच्या वर्षी आम्ही येणार न्हाई. येरमाळ्याला हायवेवर कायमची जागा घेतलीय नर्सरीसाठी. आता गावोगाव स्टॉल मांडणार न्हाई. हे शेवटचं."

मी पामच्या कुंड्यांमागं आले. नानांनी नेहमीसारखं विचारलं, "कोण बोललं? घसा?"

"घसा चांगला आहे. पुढच्या वर्षी ते येणार नाहीत, नाना. हा शेवटचा स्टॉल. येरमाळ्याला कायमची नर्सरी टाकतायत."

नानांनी खिशातला टेप काढला, परत आत ठेवला.

"चांगलं झालं," ते म्हणाले. "फिरून फिरून दमत असंल पोरगी." मग थोड्या वेळानं, "येरमाळ्याला तिकीट लावणार न्हाईत, न्हवं?"

"नर्सरीला कसलं तिकीट, नाना?"

"तेच तर. इथं तिकीट असतं. तिकीट काढलं की कुणी बी येऊन बघावं. तू कोण, कशाला आलास, असं कुणी विचारत न्हाई." ते कुंडीच्या काठावर टेकले. "बाई, नवं घर हाय तिचं. मी दारात उभा राहिलो, तर लोक विचारणार, हे कोण? तिनं काय सांगावं? सासरा म्हणावं, तर तिचा सासरा घरात बसलाय. बाप म्हणावं, तर मी बाप न्हाई. मी आयुष्यभर लोकांच्या हद्दी कायम केल्या, पण मला माझीच जागा सापडंना. तिचं लग्न लावल्यापासून नकाशा काढतोय. कुठंच बसंना."

 विज्ञानात याचं उत्तर नव्हतं. मी म्हणाले, "ती तुम्हाला पहिल्या वर्षापासून बघतेय, नाना."

"कुणाला?"

"तुम्हाला. टोपी दिसते."

नानांनी घाईघाईनं टोपी काढली. तोवर उशीर झाला होता. वैशाली स्टॉल सोडून आमच्याकडंच येत होती. नाना गोंधळले. इकडं पाम, तिकडं पाम, मागं मांडवाची कनात. निघायला वाट नाही. त्यांनी चटकन टेप काढला आणि समोरच्या पामची उंची मोजायला सुरुवात केली.

"काय मोजताय?" वैशालीनं विचारलं.

"उंची."

"किती भरली?"

नाना टेपावर वाकले. 

"दिसंना," ते म्हणाले. "चष्म्यात कायतरी गेलंय."

वैशालीनं त्यांच्या नाकावरचा चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत बसवला. "किती वाळलाव," ती म्हणाली. "जेवलाव का?"

"प्रदर्शनात जेवत न्हाई मी."

"आज जेवायचं. डबा आणलाय."

"नको, लोक बघत्यात. मी गिऱ्हाईक हाय, मोगरा बघायला..."

तिनं त्यांच्याशी वाद घातला नाही. नानांच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली आणि चालायला लागली. पिशवीत पाण्याची बाटली, परतीच्या तिकिटाचे सुटे पैसे आणि डोळ्यांचं औषध, सगळंच होतं. नाना पिशवीमागं गेले. मी नानांमागं.

स्टॉलवर तिच्या नवऱ्यानं, महादेवनं, हात पँटला पुसले, वाकून नमस्कार केला आणि मागचं स्टूल पुढं ओढलं. नाना अवघडून टेकले. अर्धं अंग स्टुलावर, अर्धं बाहेर, केव्हाही उठून पळता येईल असे. वैशालीनं डबा उघडला. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मेथी. दोन गिऱ्हाइकं अबोली बघायला आली, त्यांना महादेवनं बाजूला घेतलं. मी उगाच लिंबाच्या रोपाची पानं मोजत उभी राहिले.

आणि नेमकं तेव्हाच शेजारच्या कुंड्यांच्या स्टॉलवरल्या मावशी मान लांब करून ओरडल्या, "वैशाली, कोण गं हे?"

नाना ताडकन उठले. भाकरीचा तुकडा हातातच. "गिऱ्हाईक," ते म्हणाले. "गिऱ्हाईक हाय मी."

वैशालीनं मान वर केली नाही. भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला, त्यावर चटणी घातली आणि त्यांच्या हातावर ठेवला.

"माझ्या माहेरचे हायेत, मावशी," ती म्हणाली.

"असं व्हय! मग कधी दिसले न्हाईत ते?"

नाना सावकाश खाली बसले. या वेळी अख्खे स्टुलावर बसले. तुकडा तोंडात घातला, चावून गिळला. मग मावशींकडं बघून ते म्हणाले, "येत असतो की. दरवर्षी येत असतो."